तीन यार्ड आणि धुरळा

मंडळी, नमस्कार. कार्यकारिणीने मला आधी विषय दिला होता ‘वेल्डिंग क्षेत्रातल्या संधी’. म्हटलं, २०२५च्या जुलैचा उकाडा, पोटात श्रीखंडपुरी आणि वर वेल्डिंग! निम्मे लोक खुर्चीत झोपतील, उरलेले निम्मे बाहेर पार्किंगमध्ये बकआइजवर, म्हणजे इथल्या कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघावर, बोलत उभे राहतील. त्यापेक्षा मीच आत उभा राहून बकआइजवर बोलतो, म्हणजे सगळे एका छताखाली राहतील. वेल्डिंग थोडं येईलच, कारण तीस वर्षांची सवय आहे, जात नाही.

काहींनी मला दारातच विचारलं, “काका, गेल्या मोसमात तर आपण राष्ट्रीय विजेते झालो. आता कसलं परीक्षण?” बरोबर आहे. २० जानेवारीला अटलांटात नोट्र डेमला ३४-२३ हरवलं, करंडक कोलंबसला आला, आपण सगळ्यांनी पेढे वाटले. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. जोडावर रंग चढला की आतली भेग डोळ्यांना दिसत नाही. मग एक्स-रे काढतात. खरंच काढतात, पाइपलाइनच्या वेल्डचा एक्स-रे काढतात, माणसाच्या हाडासारखा. आज तोच काढायचाय. १४ सामने जिंकलेल्या आणि दोन हरलेल्या संघाचा.

मी कोण सांगणारा? प्रशिक्षक नाही, पत्रकार नाही. १९९६च्या सप्टेंबरमध्ये कोल्हापूरहून इथे ओहायो स्टेटला वेल्डिंग इंजिनिअरिंग शिकायला आलो, एवढीच पात्रता. फुटबॉल म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे शाहू स्टेडियम, तालमींचे संघ आणि शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ. पायाने खेळायचा तो फुटबॉल. इथे आल्यावर कळलं की हे लोक हाताने खेळतात, चेंडू लांबट असतो आणि दर सहा सेकंदांनी थांबून मीटिंग घेतात. मी पहिले दोन महिने नाक मुरडलं.

मग नोव्हेंबर आला. लेन अॅव्हेन्यूजवळ आम्ही चौघं एका खोलीत राहत होतो. आपल्या हाडवैऱ्याचा, मिशिगनचा सामना होता, तिकीट घ्यायची ऐपत नव्हती. घरमालकाने समोरच्या हिरवळीवर दहा डॉलरला एक अशा गाड्या लावून घेतल्या होत्या आणि त्या मोजायचं काम माझ्याकडे होतं. आपण तेव्हा १०-० होतो, एकही सामना हरलेलो नव्हतो. स्टेडियमचा आवाज खोलीपर्यंत यायचा, खिडकीची काच थरथरायची. पूर्वार्धात आपण पुढे होतो. उत्तरार्धात एकदम आवाज बंद. एक लाख माणसं एकाच वेळी गप्प बसल्यावर काय होतं, ते मी त्या दिवशी ऐकलं. आपला कॉर्नरबॅक, म्हणजे झेल घेणाऱ्यावर पहारा ठेवणारा, शॉन स्प्रिंग्ज घसरला होता आणि मिशिगनचा टाय स्ट्रीट्स ६९ यार्ड पळत गेला होता. १३-९. मी हिरवळीवर उभा, हातात डॉलरच्या नोटा, आणि गाड्या न्यायला आलेली माणसं स्मशानातून परतल्यासारखी. मला वाटलं, अरे, हे तर पेठेतलंच प्रकरण आहे. त्या दिवसापासून मी बकआइजचा.

आणि २८ वर्षांनी, गेल्या ३० नोव्हेंबरला, त्याच स्टेडियममध्ये, आता तिकीट काढून, थंडीत चार थर कपडे घालून मी बसलो होतो. १३-१०. पुन्हा तीच शांतता. फरक एवढाच की या खेपेला कुणी घसरलं नव्हतं. आपण आपल्या पायांनी चालत जाऊन खड्ड्यात पडलो होतो.

या खड्ड्याबद्दलच मला बोलायचंय.

ज्या वहिनी आणि काकू नवऱ्याच्या आग्रहाखातर बसल्या आहेत त्यांच्यासाठी दोन मिनिटं. हा खेळ चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जाण्याचा आहे. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न. प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. चेंडू फेकायचा किंवा घेऊन पळायचं. चेंडू घेऊन गोलरेषा ओलांडली की टचडाउन, लाथेने खांबांमधून मारला की फील्ड गोल. टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागे असतो, म्हणून आपल्याला फेकणारा क्वार्टरबॅक आणि झेलणारा रिसीव्हर दिसतो. पण खेळ ठरतो मध्ये, जिथे पाच धिप्पाड माणसं रांगेत ओणवी उभी असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. समोर तेवढीच दांडगी माणसं. चेंडू उचलला की या रांगेत कुस्ती लागते. खासबागेत बसलेल्याला हे लगेच कळेल. नुसत्या वजनाचा उपयोग नसतो. जो आधी खाली बसतो, समोरच्याच्या छातीखाली हात घालतो आणि पाय हलते ठेवतो तो जिंकतो. पट काढण्याची जी अक्कल, तीच इथे. फरक इतकाच की इथे पाच कुस्त्या एकाच वेळी लागतात आणि पाचही जणांनी एकमेकांच्या श्वासावर चालायचं असतं. कबड्डीतल्या साखळीसारखं. साखळीतला एक हात सुटला की बाकीचे सहाजण असून नसल्यासारखे.

आता गेल्या वर्षीचा संघ. इतका माल एका दुकानात मी तरी बघितलेला नाही. क्वार्टरबॅक विल हॉवर्ड कॅन्सस स्टेट विद्यापीठातून आला. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, क्विन्शॉन जडकिन्स ओल मिसहून आला, त्याच्या जोडीला आपला जुना ट्रेव्हियन हेंडरसन. बचावात मागे उभा राहणारा सेफ्टी केलेब डाउन्स अलाबामाहून, सेंटर सेथ मॅक्लॉक्लिनही अलाबामाहूनच. जॅक सॉयर, टुइमोलोआउ, एग्बुका, डोनोव्हन जॅक्सन ही मंडळी एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये जाऊन पैसे कमवू शकत होती, ती मिशिगनला एकदा तरी हरवायचं म्हणून थांबली. आणि जेरमाया स्मिथ. नुकताच शाळेतून आलेला पोरगा, पण झेल असा घ्यायचा की झाडावरचा आंबा काढतोय. पैसा किती लागला? विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनीच जाहीरपणे सांगितलं, खेळाडूंवर साधारण दोन कोटी डॉलर. यावर बाहेरचे लोक म्हणाले, विकत घेतलेला संघ. म्हणोत. आमच्या कोल्हापुरात तालमींनी बाहेरगावचे, परदेशातले खेळाडू आणले तेव्हाही लोक म्हणायचेच. पैशाने पैलवान येतो. साखळी पैशाने येत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बचावाबद्दल फार बोलत नाही, कारण तिथे दोष काढायला गेलो तर देव रागावेल. सामन्याला सरासरी १२.९ गुण दिले, देशात सगळ्यांत कमी. एकच काळी रात्र होती, १२ ऑक्टोबर, ओरेगॉनमध्ये. त्यांच्या क्वार्टरबॅकने ३४१ यार्ड फेकले आणि आपण ३२-३१ हरलो. त्या सामन्याच्या शेवटी त्यांनी एक असा डाव टाकला की मी चहाचा कप हातात धरून उभाच राहिलो. दहा सेकंद उरली होती. त्यांनी मैदानात ११ऐवजी १२ माणसं उतरवली. दंड किती, पाच यार्ड. पण त्या खेळीत घड्याळातली चार सेकंदं गेली ती गेलीच, ती परत मिळत नव्हती. बारा माणसांपुढे आपला पास जमिनीवर. राहिली सहा सेकंदं, त्यात हॉवर्ड पळाला, घसरून बसला आणि बघतो तर वेळ संपलेली. पुढच्याच आठवड्यात नियमाचा अर्थ बदलून ती पळवाट बंद केली. याला म्हणतात वस्तादगिरी. राग येतो, पण दाद द्यावी लागते. असो. त्या पराभवानंतर बचाव प्रशिक्षक जिम नोल्स यांनी मधल्या मोकळ्या आठवड्यात पाटी कोरी करून पुन्हा मांडणी केली आणि त्यानंतर वर्षभर कुणीही आपल्याविरुद्ध २३च्या वर गेला नाही.

ओरेगॉनमध्ये आपण सामना गमावला ते सगळ्यांना दिसलं. त्याच रात्री आपला डावा टॅकल जॉश सिमन्स गुडघा धरून बसला आणि त्याचा मोसम संपला, ते त्या दिवशी फारसं कुणी बोललं नाही. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डाव्या टॅकलच्या भरवशावर असते. माणूस किती चांगला होता बघा, मोडका गुडघा असूनही एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, एनएफएलने त्याला पहिल्या फेरीत उचलला.

पुढच्या सामन्यात नेब्रास्काने आपल्याला घरच्या मैदानावर रडवलं, २१-१७. बदली टॅकलला तिथे खडाखडीतच आस्मान दिसलं आणि तोही जायबंदी झाला. मग प्रशिक्षकांनी डोनोव्हन जॅक्सनला डाव्या गार्डवरून उचलून डाव्या टॅकलला लावलं. कबड्डीत मध्यरक्षकाला आदल्या दिवशी सांगायचं की उद्या तू कोपऱ्यात खेळ, तसं. आणि समोर कोण, तर पेन स्टेटचा अब्दुल कार्टर, यंदाच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलेला. जॅक्सनने एकदोनदा मार खाल्ला, पण उभा राहिला. २०-१३ जिंकलो.

त्या सामन्याचा शेवट आठवतो? पेन स्टेट आपल्या गोलपासून तीन यार्डांवर, चार प्रयत्न, चारही अडवले. उरली पाच मिनिटं आणि थोडी. चेंडू आपल्याकडे, आपल्याच गोलरेषेला पाठ लागलेली. आणि तिथून आपण चेंडू घेऊन नुसते पळत राहिलो. जडकिन्स, पुन्हा जडकिन्स, मग हॉवर्ड. पेन स्टेटला चेंडू परत मिळालाच नाही, घड्याळ संपलं. मी घरी सोफ्यावर उभा राहून ओरडत होतो. दुसऱ्या दिवशी मंदिरात भेटले ते सगळे म्हणत होते, आता संघ कणखर झाला.

मला आज वाटतं, वर्षातली सगळ्यांत महागडी पाच मिनिटं तीच. कारण त्या पाच मिनिटांनी आपल्याला चुकीचा धडा शिकवला.

इथे थोडा इतिहास सांगितल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. तुम्ही स्टेडियमला जाताना वूडी हेज ड्राइव्हवरून जाता. ते वूडी हेज, १९५१ ते १९७८ इथले प्रशिक्षक. त्यांचा खेळ म्हणजे ‘तीन यार्ड आणि धुरळा’. फेकाफेकी नाही, चेंडू पोटाशी धरायचा आणि मधून घुसायचं. तीन यार्ड मिळाले, धुरळा उडाला, पुन्हा घुसायचं. जुन्या कोलंबसच्या मनात पुरुषार्थ म्हणजे हे. आपला प्रशिक्षक रायन डे त्या घराण्यातला नाही. तो बाहेरचा, न्यू हॅम्पशरचा, क्वार्टरबॅक खेळलेला, चेंडू फेकायला शिकवण्यात हात धरणारा कुणी नाही असा. पण २०२१पासून मिशिगन आपल्याला मधून घुसून हरवत आलं. तेव्हापासून गावात एकच कुजबुज, की संघ मऊ आहे. दुकानात मऊ, रेडिओवर मऊ, न्हाव्याकडे मऊ. माणसाला रोज कुणीतरी ‘तुझ्यात दम नाही’ म्हणत राहिलं की एक दिवस तो चारचौघांत बैठका काढून दाखवतो. तिथेच कंबर धरते.

मागून कुणीतरी ‘डेला काढायला हवा होता’ म्हणालं. थांबा हो, येतोय तिकडेच.

आता वेल्डिंग. दोन पत्रे जोडले आणि ओढून तोडायला घेतले तर चांगला जोड सहसा जोडात तुटत नाही. तुटतो जोडाच्या शेजारी. तिथला धातू वितळलेला नसतो, पण उष्णतेने त्याची आतली घडण बदललेली असते. वरून चकचकीत, आतून ठिसूळ. सिमन्स गेला म्हणून जॅक्सन सरकला. जॅक्सन सरकला म्हणून गार्डवर कार्सन हिन्झमन आला. आणि १९ नोव्हेंबरच्या आठवड्यात, सरावात, सेंटर मॅक्लॉक्लिनच्या टाचेची शीर तुटली. त्याला पुढे देशातल्या सर्वोत्तम सेंटरचं पारितोषिक मिळालं, यावरून काय गेलं ते समजा. मग हिन्झमन सेंटरला आणि गार्डवर आणखी कुणी. पाचांपैकी डाव्या बाजूचे तिन्ही जोड नवे. इंडियानाला ३८-१५ हरवलं आणि ही गोष्ट रंगाखाली झाकली गेली.

पुढचा शनिवार मिशिगनचा. ते ६-५ होते, त्यांचा सर्वोत्तम कॉर्नरबॅक नव्हता, सर्वोत्तम टाइट एंड नव्हता, क्वार्टरबॅक दिवसभरात ६२ यार्ड फेकू शकला. त्यांच्याकडे धड अशी एकच गोष्ट होती, रांगेच्या मधोमध दोन हत्ती, मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रांट. एप्रिलमध्ये ते पाचव्या आणि तेराव्या क्रमांकावर निवडले गेले, इतके मोठे हत्ती. आपल्याकडे बाहेरच्या बाजूला स्मिथ, एग्बुका, कार्नेल टेट. शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी सांगितलं असतं की बाहेर फेका.

आपण मधून घुसलो.

पहिल्या डाउनला मधून. दुसऱ्याला मधून. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, अंगावर सत्तरच्या दशकातलं जाकीट, ते प्रत्येक वेळी हाताने बाजूला खूण करायचे, ‘बाहेर, बाहेर’, गाय हाकल्यासारखे. २६ वेळा पळालो, ७७ यार्ड मिळाले. भागाकार करा. तीन यार्डांना चिमूटभर कमी. वूडी हेज यांचा धुरळा अक्षरशः परत आणला, फक्त त्यांची रांग आणायची राहिली. दोन पास शत्रूच्या हातात दिले, त्यातला एक आपल्या दोन यार्ड रेषेपर्यंत परत आला आणि त्यांचा एकमेव टचडाउन तिथून झाला. जेडन फील्डिंगने चाळीस यार्डांच्या आतले दोन फील्ड गोल घालवले. उत्तरार्धात आपला गुण किती, तर शून्य. ४५ सेकंद राहिली असताना त्यांनी फील्ड गोल मारला आणि संपलं. नंतर मैदानात झेंडा रोवण्यावरून जी हाणामारी झाली आणि पोलिसांनी डोळ्यांत फवारे मारले, त्यावर मी बोलणार नाही, आपल्यात लहान मुलं बसली आहेत.

घरी येईपर्यंत फोन वाजला. माझी लेक. ती अॅन आर्बरला शिकते. हो, मिशिगनला. हसू नका, शिष्यवृत्ती मिळाली होती. घरात फितूर असणं काय असतं ते इतिहासात वाचलं होतं, आता अनुभवतोय. मला वाटलं, चिडवायला केला असेल. ती म्हणाली, “बाबा, एक विचारू? आमच्या होस्टेलवर सगळे घाबरून बसले होते की तुम्ही आता जेरमायाकडे फेकणार. तुम्ही सारखे ग्रॅहमच्या अंगावर का जात होतात?” मी म्हटलं, “दम दाखवायला.” ती म्हणाली, “कुणाला?”

याला उत्तर नव्हतं. आठ महिने झाले, अजून नाही.

आता डेबद्दल. २०२४चा मोसम धरून मिशिगनविरुद्ध एक विजय, चार पराभव, हे खरं. तेव्हापर्यंतचे सगळे सामने धरून ७० विजय आणि १० पराभव, हेही खरं. त्या आठवड्यात त्याला काढा म्हणणाऱ्यांत या खोलीतले किती होते ते मला माहीत आहे, व्हॉट्सअॅपवर सगळं शिल्लक आहे. मला त्याचा दोष वेगळा वाटतो. आक्रमणाची सूत्रं त्याने गेल्या मोसमात चिप केलींकडे दिली होती. केली म्हणजे न्यू हॅम्पशरला डे खेळत असताना त्याचे वस्ताद. वस्ताद शिष्याच्या तालमीत नोकरीला आले, ही गोष्टच मुळात सुंदर आहे. दोघांच्या डोक्यात मिळून या देशातलं सगळं पासिंग आहे. तरी त्या दुपारी दोघांनी मिळून गावाच्या टोमण्याला उत्तर द्यायला संघ वापरला, असं मला दिसलं. ग्रॅहम आणि ग्रांटशी त्यांचं भांडण नव्हतंच, भांडण होतं रेडिओवाल्यांशी.

सुदैवाने वर्ष नवं होतं. पहिल्यांदाच बारा संघांची बाद फेरी. जुन्या चार संघांच्या पद्धतीत दोन पराभव घेऊन आपण घरी बसलो असतो, हे मान्य करायला जीभ जड होते, पण करायला हवं. आपल्याला आठवा क्रमांक मिळाला आणि २१ डिसेंबरला टेनेसी इथे आले. त्यांचे पाठीराखे इतके आले की स्टेडियममध्ये जागोजागी नारिंगी शेती. आपल्याच लोकांनी तिकिटं विकली होती, एवढा राग होता. मी माझं विकलं नाही, पण विकणार होतो; पाहुणा मिळाला नाही म्हणून गेलो. खोटं कशाला बोलू?

पहिल्याच ताब्यात हॉवर्डने स्मिथकडे ३७ यार्डांचा पास टाकला. टचडाउन. पहिल्या पंधरा मिनिटांत २१-०. पाच पैलवानांची रांग तीच, तेच नवे जोड, तोच हिन्झमन. पण आता चेंडू पटकन सुटत होता, बाहेर जात होता, आणि रांगेवर फार वेळ भार येतच नव्हता. समोरचे बाहेर धावले की मग मधून हेंडरसन. उलटा क्रम. आधी फेक, मग घुस. ४२-१७. नवीन वर्षाच्या दिवशी रोझ बोलमध्ये तोच ओरेगॉन, १३-० असा, एकही सामना न हरलेला. त्यांचा पहिला गुण लागेपर्यंत आपण ३४ केले होते. स्मिथचे एकट्याचे १८७ यार्ड. ४१-२१. ठिसूळ जोडावर भार न टाकता तोच सांगाडा कसा उभा करायचा, हे आमच्या डिझाइनवाल्यांनाही नेहमी जमत नाही.

टेक्सासने मात्र पुढची भेग दाखवली. त्यांनी स्मिथवर कायम दोन माणसं लावली. त्याला अख्ख्या सामन्यात एक झेल, तीन यार्ड. आणि आपलं गाडं रुतलं. पूर्वार्ध संपता संपता हेंडरसनला छोटा पास देऊन तो ७५ यार्ड गेला नसता तर? चौथ्या सत्रात १४-१४ वरून जडकिन्सने २१ केले, पण टेक्सास आपल्या एक यार्डावर येऊन ठेपलं होतं. तिथून त्यांनी चेंडू आडवा बाहेर फेकून पळायचा डाव केला आणि सात यार्ड मागे गेले. मग चौथा प्रयत्न, क्विन एवर्स फेकायला मागे सरला आणि जॅक सॉयरने त्याच्या हातातून चेंडू झटकला, उचलला आणि ८३ यार्ड पळाला. सॉयर आपल्या पिकरिंग्टनचा, आपल्यातले कित्येक तिथे राहतात. आणि एवर्स काही महिने इथेच ओहायो स्टेटला असताना सॉयरचाच खोलीभागीदार. खोलीभागीदाराने भांडी घासली नव्हती म्हणून काढलेला सूड, असं आमच्या घरात म्हणतात. त्या पळण्याच्या शेवटच्या वीस यार्डांत त्याची पावलं कशी जड पडत होती ते पुन्हा बघा. इतका दमलेला माणूस इतक्या आनंदात मी पाहिला नाही.

अंतिम सामन्यात ३१-७ अशी आघाडी आणि मग तीच जुनी खोड. आघाडी मिळाली की हात आखडता. नोट्र डेम ३१-२३ वर आलं. तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ, तिसरा डाउन, अकरा यार्ड हवेत. शहाण्या माणसाने इथे पळायचं, घड्याळ खायचं, चेंडू लांब मारून द्यायचा. मी सोफ्यामागे उभा, सौ. देवघरात. माझ्या मनात एकच, ‘नका रे मधून घुसू.’ हॉवर्डने लांब फेकला. स्मिथ, समोर एकटा माणूस. ५६ यार्ड. नोव्हेंबरमध्ये जे करायला हवं होतं ते जानेवारीत केलं. आणि त्यानंतरचा शेवटचा फील्ड गोल कुणी मारला? फील्डिंगने. ज्याला मिशिगननंतर आपण काय काय बोललो होतो त्या पोराने. त्याची मी मनातल्या मनात माफी मागितली, ती आज मोठ्याने मागतो.

आता यंदा, २०२५चा मोसम. चौदा खेळाडू एनएफएलमध्ये गेले. नोल्स पेन स्टेटला गेले, केली एनएफएलच्या रेडर्स संघाकडे. क्वार्टरबॅक कोण, हे आज तरी ठरलेलं नाही. जुलियन सायिनचं नाव जास्त घेतलं जातं. स्मिथ आहे, डाउन्स आहे, टेट आहे. हिन्झमन आहे, सेंटरलाच, आणि मला तो या संघातला सगळ्यांत कुतूहलाचा माणूस वाटतो. २०२३मध्ये सेंटर होता, बाजूला बसवलं, मग गार्ड, मग पुन्हा सेंटर. तापवून, बडवून, पुन्हा तापवलेला. अशा धातूला आम्ही चांगला म्हणतो.

३० ऑगस्टला टेक्सास इथे येतंय. पाठीमागून प्रश्न आलाय की जिंकणार का. ते मला विचारू नका, लेकीला विचारा, ती माझ्या शेजारी बसणार आहे, निळं जाकीट घालून यायची धमकी दिली आहे. मी काय बघणार ते सांगतो. पहिल्यांदा तिसरा डाउन आणि एक यार्ड अशी वेळ येईल तेव्हा चेंडूकडे बघू नका. हिन्झमनच्या पायांकडे बघा. मग वर मान करून बाजूच्या रेषेवर डेच्या चेहऱ्याकडे बघा. आणि माझ्या पुढच्या रांगेतले जाकीटवाले आजोबा आले असतील तर त्यांच्या हाताकडे.

चहा तयार आहे म्हणतायत. मिशिगनवाल्यांनाही मिळेल, शेवटी.